मुदतीआधी किरायाचं घर सोडायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लातुरात मी ऑनलाइन भाडेकरार नोंदवून देते. जून-जुलैत दुकानात पाय ठेवायला जागा नसते. केज, गंगाखेड, कंधार, उदगीर, कळंब, कुठून कुठून आईबाप लेकराला घेऊन येतात. नीटच्या क्लासचा प्रवेश झालेला असतो, खोली बघून ठेवलेली असते, घाई फक्त सहीची असते. दिवाळी सरली की त्यांच्यातल्याच काहींचे फोन सुरू होतात. लेकरू राहीना झालंय. सासऱ्यांना अर्धांगवायू झाला. साहेबांची बदली झाली. छत्रपती संभाजीनगरहून फोन आला तर बहुतेक वेळा वाळूजच्या नाहीतर शेंद्र्याच्या कंपनीतलं काम सुटलेलं असतं. "मॅडम, ॲग्रीमेंट तर अकरा महिन्यांचं आहे. आता?"

प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदाच लिहून काढले. मी वकील नाही. रक्कम मोठी असेल किंवा गोष्ट हातघाईवर आली असेल, तर करार घेऊन वकिलाकडेच जा.

करार अकरा महिन्यांचा आहे. चौथ्या महिन्यात घर सोडता येतं का?

येतं. करार केला म्हणून कोणी तुम्हाला त्या घरात डांबून ठेवू शकत नाही. प्रश्न आहे तो जाताना किती पैसे सोडावे लागतील याचा, आणि त्याचं उत्तर करारातल्या दोन कलमांत असतं. आधी करार काढा. फोनमध्ये पीडीएफ असेलच, नसेल तर ज्याने करून दिला त्याच्याकडे मागा.

एक कलम नोटिशीचं: "उभयतांपैकी कोणीही एक महिन्याची लेखी सूचना देऊन करार संपुष्टात आणू शकेल." दुसरं लॉक-इनचं. हा इंग्रजी शब्द मराठी करारात बऱ्याचदा नसतोच. तिथे "पहिले सहा महिने कोणत्याही पक्षास सदर करार रद्द करता येणार नाही" असं काहीतरी लिहिलेलं असतं. सही करताना हे वाक्य कोणी वाचत नाही. मी मोठ्याने वाचून दाखवते, तरी समोरचा किराया आणि डिपॉझिटचा आकडा तेवढा बघतो.

नोटिशीचं कलम आहे आणि लॉक-इन नाही, किंवा ते संपलंय, तर महिनाभर आधी लेखी कळवा, त्या महिन्याचा किराया द्या आणि निघा. अडचण लॉक-इन चालू असताना येते. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय. दोन्ही कलमं नसतील, तर पुढचं सगळं बोलाचालीवर आणि गरज पडली तर कोर्टावर. तरीही महिन्याची सूचना द्याच, कारण वाजवीपणाचा पुरावा पुढे तुमच्याच कामी येतो.

मालक म्हणतात, लॉक-इनचे उरलेले सगळे महिने भरा, नाहीतर डिपॉझिट विसरा. भरावे लागतात का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही इथेच.

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम ७४ नुसार, करार मोडल्यास अमुक रक्कम द्यायची असं लिहिलेलं असलं, तरी ती रक्कम म्हणजे वरची मर्यादा. कोर्ट देतं ती त्या मर्यादेच्या आतली वाजवी भरपाई. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६३ मध्ये फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या खटल्यात सांगितलं आणि २०१५ मध्ये कैलाश नाथ असोसिएट्सच्या खटल्यात पुन्हा मांडलं: नुकसान झालेलं असलं पाहिजे, ते मोजता येत असेल तर सिद्धही केलं पाहिजे. कलम ७३ आणखी एक गोष्ट सांगतं. नुकसान कमी करायला जे उपाय हाताशी होते, तेही हिशेबात धरायचे. म्हणजे घर रिकामं ठेवून, दारावर "भाड्याने देणे आहे" अशी पाटीसुद्धा न लावता सहा महिन्यांचा किराया मागणं टिकायला अवघड आहे.

आकड्यांत बघू. किराया ८,००० रुपये, डिपॉझिट २४,०००, लॉक-इन ६ महिन्यांचं. तुम्ही ४ महिने पूर्ण करून निघालात. मालकांनी वीस दिवसांत दुसरा किरायदार बसवला, तोही ८,५०० रुपयांनी. करारावर बोट ठेवून ते दोन महिन्यांचे १६,००० मागतील. खरं नुकसान मात्र वीस दिवसांच्या किरायाचं, म्हणजे ५,३०० च्या आसपास. दलाली गेली असेल तर ती त्यात धरा.

आता मालकांची बाजू. लातुरात घर कोणत्या महिन्यात रिकामं होतं यावर बरंच काही अवलंबून असतं. क्लासच्या भागातली खोली जूनमध्ये सोडली तर संध्याकाळपर्यंत भरते. तीच नोव्हेंबरात सोडली तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ओस पडू शकते, कारण लेकरं येण्याचा हंगाम टळलेला असतो. खाली स्वतः राहून वरच्या दोन खोल्यांच्या किरायावर घराचे हप्ते फेडणारे निवृत्त गुरुजी इथे पुष्कळ आहेत. त्यांनी दोन महिने मागितले तर ते लुबाडतायत असं लगेच म्हणू नये. वाळूजला कामगार बारमाही येतात, तिथे हाच मालक पंधरा दिवसांत मोकळा होईल. कायद्याचं माप एकच, पण नुकसान गावागणिक आणि महिन्यागणिक वेगळं निघतं.

व्यवहारात काय होतं? दहा-पंधरा हजारांसाठी दोघांनाही कोर्टाची पायरी चढायची नसते. माझ्यासमोर मिटलेली बहुतेक प्रकरणं एका महिन्याच्या किरायावर मिटली आहेत. मागणी दोन महिन्यांची असेल तर "एक महिना घ्या, आणि मी असेपर्यंत घर दाखवायला मोकळं ठेवतो" इथून बोलणं सुरू करा.

आजारपण, बदली, नोकरी जाणं, अशा वेळी कायद्यात सूट नाही का?

नाही, आणि हे सांगताना वाईट वाटतं. करार कायद्याच्या कलम ५६ मध्ये "पाळणं अशक्य झालेला करार" अशी तरतूद आहे. पण पाळणं जड गेलं म्हणजे अशक्य झालं असं कोर्ट मानत नाही. पगार थांबला, घरी दुखणं आलं, लेकराने क्लास सोडला, या तुमच्या अडचणी. घर जागेवर आहे आणि मालक ते द्यायला तयार आहेत. २०२० च्या टाळेबंदीत क्लास बंद पडून लेकरं गावी गेली, तेव्हासुद्धा राज्याच्या गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिलला घरमालकांना किराया तीन महिने पुढे ढकलायची सूचना केली होती. पुढे ढकला म्हटलं होतं, माफ करा नव्हे.

मग सूट मिळवायची ती करार लिहितानाच. सरकारी नोकरीतल्या लोकांना मी दरवेळी सांगते: तुमच्या बदल्यांचा २००५ चा कायदाच आहे, सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात हे तुम्हालाही माहीत आहे आणि मालकांनाही. मग एक ओळ घाला (परवानाधारक म्हणजे करारातला किरायदार): "परवानाधारकाची बदली झाल्यास, अथवा ज्या पाल्याच्या शिक्षणासाठी घर घेतले आहे त्याचे शिक्षण खंडित झाल्यास, लॉक-इनची अट लागू राहणार नाही, एक महिन्याची लेखी सूचना पुरेशी राहील." मालक सहसा हरकत घेत नाहीत. घेतलीच, तर हे कसे मालक आहेत ते सही करण्याआधीच कळलं.

आमचा करार नोंदणीकृत नाही. शंभराच्या बॉन्डवर नोटरी केलेला आहे.

मराठवाड्यात अजूनही निम्म्या लोकांची समजूत अशी, की अकरा महिन्यांचा करार म्हणजे नोंदणी लागत नाही. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची नाही असं केंद्राच्या नोंदणी कायद्यात आहे, समजूत तिथून आली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे आपल्याकडे भाड्याचा कोणताही करार, लिव्ह अँड लायसन्स (ठरलेल्या मुदतीपुरता राहायचा परवाना देणारा करार) सुद्धा, लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमच्या कामाचा भाग पुढे आहे: नोंदणीकृत करार नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

म्हणून नोटरीचा कागद नाचवत कोणी लॉक-इनचे सहा महिने मागत असेल, तर शांतपणे कलम ५५ चं नाव काढा. आवाज आपोआप खाली येतो. पण याचा गैरफायदाही घेऊ नका. तोंडी जे ठरलं ते तुमच्या मनाला माहीत असतंच.

हा १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याआधी मराठवाड्याला मुंबईचा भाडे कायदा नव्हता. निजामाच्या राज्यातून आलेला मुलूख म्हणून इथे १९५४ चा हैदराबाद घरे (भाडे, निष्कासन व पट्टा) नियंत्रण कायदा चालायचा. म्हातारे मालक कधी कधी "आमच्याकडं कायदा येगळा आहे" म्हणतात ते त्या आठवणीतून. आता वेगळा नाही.

नोटीस कशी द्यायची? व्हॉट्सॲप चालेल का?

करारात "लेखी सूचना" म्हटलं असेल तर कागदच द्या. दोन प्रती काढा, एकीवर मालकांची "मिळाली" अशी सही आणि तारीख घ्या. सही द्यायला टाळाटाळ झाली तर पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा. करारावर जो पत्ता आहे त्याच पत्त्यावर. व्हॉट्सॲपवर त्याच कागदाचा फोटो पाठवा आणि मालकांचं उत्तर जपून ठेवा. "ठीक आहे" एवढं आलं तरी सोनं. फोनवर बोलणं झालं असेल तर लगेच मेसेज टाका, "आत्ता बोलल्याप्रमाणे ३१ तारखेला घर सोडत आहे."

मजकूर असा पुरे:

"सप्रेम नमस्कार. आपल्या घरात मी दि. १५ जून पासून नोंदणीकृत कराराने राहत आहे. वडिलांच्या आजारपणामुळे मला कुटुंबासह गावी परतावे लागत आहे. कराराच्या कलम ९ प्रमाणे ही एक महिन्याची सूचना देत असून दि. ३० नोव्हेंबर रोजी घराचा ताबा आपल्याला देईन. त्या दिवशी दोघांनी मिळून घर पाहून हिशेब करावा व अनामत रक्कम परत करावी, ही विनंती. तोपर्यंत नवीन भाडेकरूस घर दाखवण्यास माझी हरकत नाही."

कारण एका ओळीत लिहा. तीन पानी कर्मकहाणी लिहिली तर वाचणाऱ्याला पोरगं सबबी सांगतंय असं वाटतं. आणि कागद देण्याआधी स्वतः जाऊन सांगा. खाली राहणाऱ्या काकांना वरच्या माळ्यावरून स्पीड पोस्ट आलं, तर पुढचं सगळं बोलणं वाकड्यातच जातं.

दुसरा किरायदार आणून दिला तर?

माझ्या मते हा सगळ्यात चांगला उपाय. मालकांचं नुकसानच राहत नाही, मग भरपाई कशाची? क्लासच्या मुलांचे पालकांचे ग्रुप असतात, त्यात टाका. फक्त स्वतः चावी देऊन मोकळं होऊ नका. परवाना दुसऱ्याच्या नावे आपण परस्पर करू शकत नाही. करार तुमच्या नावावर असताना आत तिसराच राहू लागला, तर उद्याच्या किरायाला आणि पोलीस चौकशीला जबाबदार तुम्ही. मालकांनी नव्या माणसाशी नवा करार करायचा आणि तुमचा त्याच दिवशी रद्द करायचा. नव्या कराराच्या नोंदणीचा खर्च तुम्ही उचलायची तयारी दाखवा. फी शहरात १,००० आणि ग्रामपंचायत हद्दीत ५०० रुपये. मुद्रांक शुल्क एकूण किराया आणि डिपॉझिटवर धरलेलं वर्षाला १० टक्के व्याज यांच्या बेरजेच्या ०.२५ टक्के. ९,००० किराया, ३०,००० डिपॉझिट आणि ११ महिने असतील तर ते अडीचशे रुपयांच्या आसपास बसतं. दोन महिन्यांच्या किरायापुढे हा खर्च काहीच नाही.

माझं भरलेलं मुद्रांक शुल्क परत मिळेल का?

नाही. करार वापरला गेला आहे.

तिघं मिळून राहत होतो, करार तिघांच्या नावावर. एक निघून गेला.

मग उरलेल्या दोघांना पूर्ण किराया भरावा लागतो. करार कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे मालक तिघांपैकी कोणाहीकडून पूर्ण रक्कम मागू शकतात. गेलेल्याच्या हिश्श्याचा हिशेब तुम्ही आपसात करायचा. जाणाऱ्याने त्याचं डिपॉझिट उरलेल्यांकडून मागू नये असं नाही, पण तो हिशेब मालकांच्या ओट्यावर बसून मिटवला तर बरा. आणि मुलगा सतरा वर्षांचा असेल तर त्याच्या सहीला अर्थच नाही, अल्पवयीन मुलाचा करार कायद्याने होत नाही. अशा वेळी करार आईच्या किंवा वडिलांच्या नावेच हवा.

डिपॉझिटमधून काय काय कापता येतं?

थकलेला किराया, थकलेलं वीजबिल आणि तुम्ही केलेली मोडतोड. वापराने होणारी झीज नाही. भिंतीचा रंग चार महिन्यांत जुना झाला, तर तो किरायात आला. पण ठोकलेल्या खिळ्यांनी पडलेलं प्लास्टर, तुटलेलं बेसिन, जळालेला पंखा हे तुमच्या खात्यावर. "रंगाचे एका महिन्याचे कापणार" अशी प्रथा आपल्याकडे आहे. करारात लिहिलं असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही, लिहिलं नसेल तर घाला. डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त घेताच येत नाही असं काही जण ऐकून येतात. ते केंद्राने २०२१ मध्ये राज्यांसाठी तयार केलेल्या नमुना कायद्यातलं आहे. आपल्याकडे १९९९ चा राज्याचा कायदा चालतो आणि लिव्ह अँड लायसन्सचं डिपॉझिट ठरेल तेवढं.

ताबा देण्याचा दिवस कसा असावा, एक उदाहरण सांगते. परभणीकडच्या एक ताई मुलीला घेऊन राहत होत्या, जानेवारीत सोडून निघाल्या. सामान आदल्या दिवशीच टेम्पोत गेलेलं. सकाळी त्यांनी घर झाडून, पुसून ठेवलं, प्रत्येक खोलीचा फोनवर व्हिडिओ काढला, नळ सोडून दाखवला, दिवे लावून दाखवले. महावितरणच्या मीटरवरचा आकडा मालकांच्या समोर वहीत लिहिला आणि मीटरचा फोटो घेतला, म्हणजे पुढच्या महिन्याच्या बिलातले आपले युनिट किती यावर भांडण नको. चाव्या मोजून दिल्या: दाराच्या तीन, गेटची एक, गच्चीची एक. गच्चीची चावी कोणाच्याच लक्षात नव्हती, मालकांच्याही. मग मालकीणबाईंनी चहा ठेवला आणि चहा होईपर्यंत डिपॉझिट फोनवर जमा झालं. घर इतकं स्वच्छ बघितल्यावर रंगाचा विषयच निघाला नाही.

शेवटचे दोन महिने किराया न देता डिपॉझिटात वळता केला तर?

मालक हो म्हणाले तर उत्तम, लेखी हो घ्या. परस्पर केलं तर तुम्ही थकबाकीदार ठरता आणि नोटीस नीट देऊनही करार मोडणारे तुम्हीच होता. मालक डिपॉझिट बुडवतात असा लौकिक असेल तर मोह होणारच, मला समजतं. तरी आधी विचारा.

पाण्याचा खडखडाट आहे. बोअर आटला. हे कारण धरता येईल?

करारात पाण्याचा उल्लेख असेल तर नक्की. "चोवीस तास बोअरचं पाणी" असं लिहून दिलं आणि मार्चमध्ये तुम्ही टँकरला पैसे मोजताय, तर करार आधी मालकांकडून मोडला. तुमच्या लॉक-इनचा आग्रह त्यांना धरता येणार नाही. आधी लेखी कळवा, आठ-दहा दिवस द्या, टँकरच्या पावत्या ठेवा. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे पाण्याची ओळ करारात नसणं हा खरं तर आपलाच गाढवपणा. उल्लेख नसेल तर बोलाचाली.

मालकच मुदतीआधी घर खाली करा म्हणतात. किंवा त्यांनी घर विकलंय.

लॉक-इन दोन्ही बाजूंनी लिहिलेलं असेल तर ते त्यांनाही बांधतं. तुमचा काही दोष नसताना पैसे घेऊन दिलेला परवाना मध्येच काढला, तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे तुम्हाला भरपाई मागता येते. घर विकलं असेल तर मात्र लक्षात घ्या: त्याच कायद्यात, नवा मालक केवळ घर घेतलं म्हणून जुन्या परवान्याने बांधला जात नाही. डिपॉझिट तुम्ही ज्यांना दिलं त्यांच्याकडेच मागा, विक्रीच्या आधी.

"राहिलात तर दुप्पट किराया लागेल" असं धमकावतात.

दुप्पट किराया भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे, पण तो लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याला. मुदतीआधी जाणाऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

वीज तोडली, दाराला कुलूप लावलं. काय करू?

कोणत्याही करारातून असा अधिकार मिळत नाही, मालक कितीही ओरडले तरी. फोटो काढा, ११२ वर फोन करा, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. पैशाच्या वादाला पोलीस "दिवाणी मामला आहे" म्हणतील आणि ते बरोबरच आहे. पण तुमचं सामान आत कोंडून ठेवणं हा वेगळा विषय, तेवढाच लावून धरा.

करार रद्द केल्याचा कागद लागतोच का? चाव्या दिल्या की झालं ना?

नाही झालं. नोंदणीत करार मुदत संपेपर्यंत जिवंत दिसतो. घरात तुमच्या नावावर कोण राहून गेलं हे नंतर सिद्ध करत बसाल. घेताना सगळे सह्या करतात, सोडताना कोणी करत नाही, आणि माझ्याकडे येणारी निम्मी भांडणं या दुसऱ्या कागदाच्या अभावाने झालेली असतात. पाचशेच्या मुद्रांकावर रद्दलेख करा: कोणत्या दस्त क्रमांकाचा करार, कोणत्या तारखेला ताबा दिला, डिपॉझिट किती मिळालं, एकमेकांकडे काही येणं नाही. मूळ करार नोंदवलेला आहे म्हणून रद्दलेखही दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा असं माझं मत. मालक तेवढे कष्ट घेत नसतील तर निदान दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांचा ताबा-पावतीचा कागद घ्याच.

ऑनलाइन करार करताना आधार आणि अंगठा लागतो हे माहीत असेल. गेल्या हंगामात बीड जिल्ह्यातली एक आजी नातीसाठी खोली घ्यायला आली होती. जन्मभर ऊस तोडलेला आणि कापूस वेचलेला हात, मशीनवर एकही बोट उमटेना. ओल्या फडक्याने पुसलं, दहाही बोटं फिरवली, शेवटी डाव्या करंगळीने काम झालं. आजी म्हणाली, "बाई, सोडताना पण असंच करावं लागतंय का?" तेव्हापासून म्हाताऱ्या माणसांचा करार करताना मी ताबा-पावतीचा कोरा नमुना त्याच पिशवीत घालून देते.

डिपॉझिट द्यायला नुसत्या तारखा देतात. पुढे काय?

आधी लेखी मागणी, पंधरा दिवसांची मुदत घालून. मग वकिलाची नोटीस; बरेच पैसे इथेच सुटतात. तरी नाही तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुक्याला समिती. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. दावा लावण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. तिथे कोर्ट फी नाही, आणि तडजोड झाली की ती कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकी पक्की, त्यावर अपील नाही. दिवाणी दावा करायचाच झाला तर पैसे देणं लागल्यापासून तीन वर्षांच्या आत. तीन वर्षं म्हणजे पुष्कळ वाटतात, पण "पुढच्या महिन्यात देतो" ऐकण्यात दोन अशीच जातात.

पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये नाव दिलं होतं, ते काढावं लागतं का?

ताबा दिल्याचा कागद झाल्यावर मालकांना ठाण्यात एका ओळीचा अर्ज द्यायला सांगा, की अमुक तारखेला किरायदार घर सोडून गेला. त्याची पोच फोटो काढून स्वतःजवळ ठेवा. गॅस, बँक आणि आधारवर त्या घराचा पत्ता टाकला असेल तर तोही बदला. लेकराच्या नीटच्या फॉर्मवर पत्रव्यवहाराचा पत्ता तोच राहिला असेल तर आधी तो बघा.